पत्ता आपला, डाकवाला नवा
कारखान्याच्या ई-मेलची सोय बदलताना काय केले आणि का केले



या पानावर आपण नेहमी बेणे, लावण, खत, पाणी आणि खोडव्याची निगा यांबद्दल बोलत असतो. या अंकात विषय जरा निराळा आहे. कारखान्याच्या पत्त्यावर येणारी ई-मेलची डाक निरनिराळ्या खात्यांकडे पोचवणारी जी बाहेरची सेवा होती ती बदलण्यात आली असून आता नव्या सेवेमार्फत काम सुरू झाले आहे. शेतकी खात्याच्या माणसाने या उठाठेवीत कशाला पडावे, असे काही जणांना वाटेल. कारण साधे आहे. कारखान्याच्या डाकेत सर्वांत जास्त पत्रे शेतकी खात्याचीच असतात. ऊस नोंदीचे अर्ज, माती परीक्षणाचे अहवाल, तोडणीच्या तक्रारी, बेण्याची मागणी. यातले एखादे पत्र बुडाले, तर त्याचा जाब शेवटी बांधावर उभे राहून मलाच द्यावा लागतो. मागच्या हंगामात तो द्यावा लागला आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पुढचे वाचण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवा. आपले पत्ते बदललेले नाहीत. आपण ज्या पत्त्यावर लिहीत होता त्याच पत्त्यावर लिहायचे आहे. बदलला आहे तो फक्त मधला डाकवाला.

एक न पोचलेला अर्ज

हिंगणी भागातले आपले एक सभासद आहेत. वय सत्तरीच्या पुढे. बोरच्या पाण्यावर दीड एकर सुरू उसाची लावण केली होती. मुलगा पुण्याला नोकरीला. बापाला सेलूपर्यंत खेप पडू नये म्हणून मुलाने नोंदीचा अर्ज पुण्याहूनच ई-मेलने धाडला. गट नंबर, क्षेत्र, को ८६०३२ ही जात, लावणीची तारीख, सगळे नीट लिहून. पुढे हंगाम लागला, टोळ्या फडात उतरल्या, शेजारच्यांचा ऊस गेला आणि यांच्या उसाला तुरा आला तरी तोडचिठ्ठी आली नाही. तेव्हा ते माझ्याकडे आले.

"साहेब, माहा ऊस कधी तोडता जी?"

मी यादी पाहिली. "काकाजी, तुमची नोंदच दिसत नाही."

"असं कसं? पोरानं तवाच मेल धाडला नं. त्याच्यापाशी तारीख आहे."

मुलाला फोन लावला. त्याने मोबाईलमधले पत्र दाखवले. अर्ज खरोखरच वेळेवर गेलेला होता. त्याच दिवशी, दोन मिनिटांनी, 'मेलर डेमन' या नावाने इंग्रजीत एक निरोप त्याला परत आला होता. अशा नावाचा पत्ता येथे अस्तित्वात नाही, एवढाच त्याचा अर्थ. मुलाला वाटले, ही काहीतरी जाहिरात असावी. त्याने ती उघडलीच नाही.

शोध घेतला तेव्हा कळले ते असे. आपली वेबसाईट ज्या गृहस्थांनी करून दिली होती त्यांनी काही महिन्यांपूर्वी, जुनी सेवा बंद पडणार म्हणून, डाक दुसऱ्या एका मोफत सेवेकडे नेली होती. त्यांना जेवढे पत्ते आठवले तेवढे त्यांनी तेथे मांडले. ऊस नोंदीचा पत्ता त्यांना आठवला नाही. त्यांचाही दोष म्हणवत नाही, कारण कारखान्यात अशी यादी कोणाकडेच नव्हती.

आम्ही बेणे मळ्याची पावती काढली, फड पाहिला, शेजाऱ्यांचे म्हणणे लिहून घेतले आणि नोंद मागाहून धरली. परंतु तोडणी तीन आठवडे उशिरा झाली. तुरा आलेला ऊस उभा राहिला की पांगशा फुटतात, दशी पडते आणि वजन घटते, हे आपणास मी सांगायला नको. काट्यावर जे वजन भरले तेवढ्याचेच पैसे झाले. जे घटले त्याची भरपाई देण्याची कोणतीच तरतूद नव्हती. काकाजी भांडले नाहीत. "जाऊ द्या जी" म्हणाले. मला ते जास्त लागले.

नंतर त्या मोफत सेवेनेही फुकटची सोय बंद करीत असल्याचे कळवले आणि पुन्हा बदलण्याची वेळ आली. या खेपेला मी मॅनेजिंग डायरेक्टर साहेबांना म्हटले, हे काम शेतकी खात्याने समोर बसून करून घ्यावे. त्यांनी होकार दिला. संगणक विभागातील मुलांनी हाताने काम केले, मी वही घेऊन शेजारी बसलो. त्या वहीतूनच हा लेख लिहीत आहे.

पत्त्याचा घोळ वर्ध्याला नवा नाही

पत्ता चुकला की डाक कुठे जाते याचे मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. महात्मा गांधी एप्रिल १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला आले. पण बुलढाणा जिल्ह्यात रेल्वेमार्गावर गजानन महाराजांचे शेगाव आधीपासून प्रसिद्ध. त्यामुळे इकडची पत्रे तिकडे जाऊ लागली. अखेर १९४० साली आपल्या खेड्याचे नाव सेवाग्राम करण्यात आले. म्हणजे डाक नीट पोचावी म्हणून अख्ख्या गावाचे नाव बदलावे लागले.

पुढे १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड आला. तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने आखला. टपाल खात्यातले ज्येष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी अशी त्यांची ओळख. सेवाग्रामचा पिन ४४२१०२. पहिले तीन अंक पाहून छाननी करणाऱ्याला थैली वर्ध्याकडची हे कळते, शेवटचे तीन पाहून कोणत्या टपाल कार्यालयाने वाटप करायचे ते कळते. पत्र लिहिणाऱ्याला रस्ता ठाऊक असण्याची गरज नाही. त्याने नाव आणि आकडा लिहावा, रस्ता टपाल खाते पाहून घेते.

ई-मेलचेही तसेच आहे. पत्त्यात मध्ये जे ॲट चिन्ह असते त्याच्या अलीकडे खात्याचे किंवा माणसाचे नाव, पलीकडे संस्थेचे नाव. या पलीकडच्या नावाला डोमेन म्हणतात. नावावरून ठिकाण शोधण्याची डीएनएस ही पद्धत अमेरिकेतील पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली आणि अमुक नावाची डाक अमुक यंत्रावर द्यावी असे सांगणारी 'एमएक्स' नावाची नोंद १९८६ मध्ये ठरली. आजही जगातली ई-मेल याच नोंदीवर चालते.

चार कामे, चार जागा

आपल्याकडे 'ई-मेल' म्हटले की सगळे एकच वाटते. खरे पाहता त्यात चार वेगवेगळी कामे आहेत आणि ती चार वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतात.

पहिले काम नावाच्या मालकीचे. डोमेन दरसाल किंवा काही वर्षांसाठी पैसे भरून आपल्या नावावर ठेवावे लागते. हा समजा सातबारा. ज्याच्या नावाने तो आहे, तो मालक.

दुसरे काम नोंदवहीचे. या नावाची वेबसाईट कोठे, डाक कोठे, हे ज्या वहीत लिहिलेले असते ती डीएनएसची वही. चावडीवरचा फलकच समजा. जगातले कोणतेही यंत्र तो वाचू शकते.

तिसरे काम डाक पुढे पाठवण्याचे. फलकावर लिहिलेल्या ठिकाणी पत्र येते आणि तेथून ते ठरलेल्या माणसाच्या पेटीत रवाना होते. याला फॉरवर्डिंग म्हणतात. गाव सोडून गेलेला माणूस टपाल कार्यालयात लिहून देतो की माझी पत्रे नव्या पत्त्यावर धाडा, तसेच हे.

चौथे काम पेटीचे. पत्र जेथे साठते आणि वाचले जाते ती जागा.

आपण बदलले ते फक्त तिसरे काम, आणि त्यासाठी दुसऱ्या वहीतल्या दोन-तीन ओळी. सातबारा जागेवर आहे, पेट्या जागेवर आहेत. जुनी पत्रे पेटीतच असतात, डाकवाल्याकडे काही साठत नाही. त्यामुळे जुनी पत्रे हलवण्याचा प्रश्नच आला नाही. पाडव्याला सालदार बदलला म्हणून शेत विकावे लागत नाही, तसेच हे आहे.

मोठमोठ्या कार्यालयांनीही हेच केले आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये झोहो या भारतीय कंपनीशी सात वर्षांचा करार केला आणि सुमारे बारा लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांची ई-मेल त्या कंपनीच्या यंत्रणेवर नेली. पत्त्यातले सरकारी नाव मात्र कायम राहिले. उलट, गूगलसारख्या कंपनीनेही डोमेन नोंदणीचा आपला धंदा जून २०२३ मध्ये स्क्वेअरस्पेस या कंपनीला विकत असल्याचे जाहीर केले. ज्यांची नावे आणि डाक तिच्याकडे होती त्यांना नवा दुकानदार मिळाला. सांगावयाचे एवढेच की, डाकवाला कितीही मोठा असो, तो कायमचा नसतो. पत्ता मात्र कायमचा ठेवता येतो.

काम कोणत्या क्रमाने केले

१. आधी यादी केली. हेच काम सर्वांत जास्त वेळ खाणारे निघाले. कार्यालयात विचारले तर सहा पत्ते सांगण्यात आले. मग जुन्या सेवेतली मांडणी, नोंदीचे छापील अर्ज, टेंडरच्या जाहिराती, वजनाच्या पावतीच्या मागची बाजू आणि गट कार्यालयांतले फलक तपासले. पत्ते अकरा निघाले. दोन पत्त्यांची डाक तर सेवानिवृत्त झालेल्या एका कर्मचाऱ्याच्या खाजगी पेटीत अजून जात होती. त्यात सभासदांच्या बँक खात्यांचे तपशील होते. त्या गृहस्थांनी प्रामाणिकपणे सगळे जपून ठेवले होते म्हणून बरे.

२. फलकावरची मुदत कमी केली. फलक वाचणारी यंत्रे दर वेळी नव्याने वाचत नाहीत. एकदा वाचलेले काही काळ लक्षात ठेवतात. किती काळ, ते त्या नोंदीतच लिहिलेले असते, त्याला टीटीएल म्हणतात. आपल्या नोंदीत ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस लिहिला होता. बदलाच्या दोन दिवस आधी तो ३०० सेकंदांवर, म्हणजे पाच मिनिटांवर आणला. त्यामुळे बदल केल्यावर जुना फलक लक्षात ठेवणारी यंत्रे लवकर भानावर आली. सगळे स्थिर झाल्यावर मुदत पुन्हा वाढवली.

३. नवी सोय आधी उभी केली, जुनी नंतर सोडली. नव्या सेवेत अकराही पत्ते मांडले, कोणते पत्र कोणाकडे जाईल ते लिहिले आणि ज्यांच्या पेटीत जाणार त्यांची संमती घेतली. नव्या विहिरीला पाणी लागल्याशिवाय जुनीवरचा पंप कोणी काढत नाही.

४. मग एमएक्स बदलला. जुन्या सेवेच्या ओळी काढल्या, नव्या घातल्या. येथे एक मोह होतो. दोन्ही राहू द्याव्यात, म्हणजे एक बंद पडली तर दुसरी आहे. असे करू नये. तसे केले तर काही पत्रे नव्याकडे आणि काही जुन्याकडे जात राहतात, आणि पुढे जुने खाते बंद झाले की तेवढीच पत्रे बुडतात. जुन्या सेवेतली मांडणी मात्र आठवडाभर तशीच चालू ठेवली, जुना फलक वाचून तिकडे गेलेले एखादे पत्रही पोचावे म्हणून.

५. बाहेरून तपासले. प्रत्येक पत्त्यावर निदान दोन वेगळ्या कंपन्यांच्या पेट्यांतून पत्र पाठवून पाहिले. येथे आम्ही पहिल्या दिवशी फसलो. मी माझ्या जीमेलवरून शेतकी खात्याच्या पत्त्यावर पत्र टाकले. तो पत्ता फिरून माझ्याच जीमेलवर येतो. पत्र काही दिसेना. सगळे बिघडले असे वाटून तासभर डोके धरून बसलो. मग कळले की, आपणच पाठवलेले पत्र फिरून आपल्याकडे आले तर जीमेल ते दुसऱ्यांदा दाखवत नाही. मुलाच्या मोबाईलवरून पाठवले तर अर्ध्या मिनिटात हजर! तरी तपासणी नेहमी तिऱ्हाइताच्या पेटीतून करावी.

६. चुकार पत्रांसाठी दावण ठेवली. यादीत नसलेल्या नावाने पत्र आले तर ते परत न धाडता एका सामाईक पेटीत टाकावे, अशी व्यवस्था पहिल्या महिन्यासाठी केली. तीत जाहिरातींचा कचरा फार येतो. पण त्यातच 'माती परीक्षण' या नावाचा बारावा पत्ता सापडला. तो कधीतरी एका मेळाव्याच्या पत्रकावर छापला होता आणि आम्ही सगळेच विसरलो होतो.

बंद दार आणि चुकीचे दार

या कामात मला जी गोष्ट नव्याने कळली ती येथे मुद्दाम सांगतो. आपल्याला भीती वाटते ती बदलाच्या वेळी यंत्र तासभर बंद राहण्याची. वस्तुतः त्यात फारसा धोका नाही. डाक घेणारे यंत्र बंद असेल तर पाठवणारे यंत्र पत्र फेकून देत नाही. ते थांबते आणि पुन्हा पुन्हा येऊन पाहते, साधारण चार-पाच दिवसांपर्यंत. दार बंद असेल तर पोस्टमन उद्या पुन्हा येतो.

खरा धोका दार उघडे असून आतून "असा कोणी येथे राहत नाही" असे सांगितले जाण्याचा. मग पोस्टमन थांबत नाही. पत्र त्याच घडीला परत. काकाजींच्या अर्जाचे हेच झाले. म्हणून बदल घाईने झाला की सावकाश, याला महत्त्व कमी. यादी पुरी आहे की नाही, याला महत्त्व सगळे.

गेटपासचा प्रश्न

आता एक जरा किचकट बाब. पण ऊस वाहतूक माहीत असलेल्या माणसाला ती समजायला अवघड नाही.

खोटी पत्रे फार वाढल्यामुळे मोठ्या पेटीवाल्या कंपन्या आता फाटकावर तपासणी करतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी ती अधिक कडक केली. तपासणी मुख्यतः दोन प्रकारची. पहिली, एसपीएफ. प्रत्येक संस्था आपल्या फलकावर लिहून ठेवते की आमच्या नावाची पत्रे अमुक गाड्याच आणतील. दुसरी, डीकेआयएम. ही पत्रावर मारलेली मोहोर. वाटेत मजकूर बदलला तर मोहोर जुळत नाही.

आता अडचण पाहा. बँकेने आपल्याला पत्र लिहिले. ते आपल्या डाकवाल्याकडे आले आणि त्याने आपल्या पेटीकडे नेले. पेटीच्या फाटकावरचा माणूस विचारतो, पत्र बँकेचे, मग गाडी दुसऱ्याचीच कशी? बँकेच्या यादीत तर ही गाडी नाही. असे पत्र स्पॅम म्हणून बाजूला पडण्याची शक्यता असते. एकाच्या नावाची चिठ्ठी आणि दुसऱ्याचा ट्रॅक्टर दिसला की आपला गेटवालाही गाडी बाजूला घ्यायला लावतो, तसेच हे.

यावर उपाय असा की, चांगला डाकवाला बाहेरच्या पाकिटावर 'आणणार' म्हणून स्वतःचे नाव लिहितो आणि आतल्या मोहोरबंद पत्राला हात लावत नाही. नवी सेवा निवडताना हे दोन प्रश्न आम्ही आधी विचारले. पाकिटावर स्वतःचे नाव घालता का? मोहोर शाबूत ठेवता का? दर किती, हा प्रश्न नंतर विचारला. आपल्या स्वतःच्या एसपीएफच्या ओळीतही जुन्या सेवेचे नाव काढून नव्या सेवेचे घातले. ही ओळ एका नावाला एकच असावी लागते. दोन लिहिल्या तर दोन्ही बाद धरल्या जातात.

उत्तर कोणत्या नावाने येते?

डाक पुढे पाठवण्याची सोय एकेरी असते. पत्र संस्थेच्या पत्त्यावर येते, पण उत्तर लिहिले की ते अधिकाऱ्याच्या खाजगी पत्त्यावरून जाते. आजवर माझेही तसेच जात होते. यात दोन तोटे आहेत. सभासद पुढचे पत्र त्या खाजगी पत्त्यावर लिहितो, आणि अधिकाऱ्याची बदली झाली की ते पत्र संस्थेला मिळत नाही. दुसरा तोटा याहून मोठा. खाजगी पत्त्यावरून "मी शेतकी अधिकारी" म्हणून कोणीही लिहू शकतो. म्हणून नव्या सेवेत उत्तरही कारखान्याच्याच पत्त्यावरून जाईल अशी सोय घेतली आहे. यापुढे कारखान्याच्या नावाने पण परक्या पत्त्यावरून पत्र आले, त्यात बँक खाते किंवा ओटीपी मागितला, तर समजा की ते आमचे नाही. लगेच गट कार्यालयात फोन करा.

किल्ली कोणाकडे?

यादी करताना आणखी एक गोष्ट उघडकीस आली. डोमेनचे नाव, ज्याला मी वर सातबारा म्हटले, ते कारखान्याच्या नावाने नव्हतेच! वेबसाईट करणाऱ्या गृहस्थांच्या नावाने होते. पैसे कारखान्याने भरले, नाव त्यांचे लागले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पण उद्या त्यांचे बरेवाईट झाले असते किंवा नूतनीकरण राहून गेले असते, तर मुदतीनंतरच्या सवलतीचे काही दिवस संपताच ते नाव कोणीही विकत घेऊ शकला असता. मग सभासदांचे अर्ज, बँकेचे निरोप, टेंडरची पत्रे, सगळे त्या परक्या माणसाच्या हाती. आपल्या जमिनीचा सातबारा ट्रॅक्टरवाल्याच्या नावाने कोणी ठेवील काय? आपण मात्र तेच केले होते.

आता ते नाव कारखान्याच्या नावावर केले आहे. नूतनीकरणाची तारीख लेखा विभागाच्या वार्षिक देण्यांच्या यादीत, विमा आणि परवान्यांच्या शेजारी लिहिली आहे. पासवर्ड मोहोरबंद लिफाफ्यात तिजोरीत आहे आणि दोन अधिकाऱ्यांना ठाऊक आहे. ज्या पत्त्यावर या खात्याचे निरोप येतात तो मात्र मुद्दाम कारखान्याच्या डोमेनबाहेरचा ठेवला. नाहीतर डाक बंद पडली की ती सुरू करण्याची किल्ली त्याच बंद डाकेतून येणार! किल्ली घरात ठेवून बाहेरून कुलूप लावण्यासारखे ते झाले असते.

आपल्यापैकी अनेक जण दूध संस्था, पतसंस्था, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्यांवर काम करता. आपापल्या संस्थेत एवढे तीन प्रश्न जरूर विचारा. आपले डोमेन कोणाच्या नावावर आहे? त्याची मुदत कधी संपते? आपल्या पत्त्यांची यादी कागदावर कोठे आहे? उत्तर "तो पोरगा पाहतो" असे आले, तर पुढच्याच सभेत विषय घ्या.

सभासदांनी काय करावे

१. नेहमीच्याच पत्त्यावर लिहावे. नवा पत्ता म्हणून कोणी काही सांगितले तर मानू नये.

२. ऊस नोंदीचा अर्ज ई-मेलने पाठवल्यास शेतकी खात्याकडून नोंद क्रमांक कळवला जाईल. सात दिवसांत क्रमांक आला नाही, तर अर्ज पोचला नाही असेच धरावे आणि गट कार्यालयात फोन करावा. पाठवला म्हणजे पोचला, असे समजू नये.

३. पत्र पाठवल्यावर 'मेलर डेमन' नावाने काही परत आले, तर ते मुलाबाळांकडून वाचून घ्यावे आणि आम्हाला दाखवावे. ते न पोचल्याची पावती असते. टाकून देऊ नये.

४. आमचे उत्तर दिसत नसेल तर एकदा स्पॅमच्या कप्प्यात पाहावे. सापडल्यास 'हे स्पॅम नाही' असे दाबावे.

५. ज्यांच्याकडे ई-मेल नाही त्यांनी काळजी करू नये. कागदावरचा अर्ज, गट कार्यालय आणि चिटबॉय ही जुनी वाट पूर्वीइतकीच चालू आहे व राहील.

मागच्या हंगामानंतर काकाजींनी तो ऊस खोडवा म्हणून राखला. त्याची नोंद त्यांच्या मुलाने या वेळीही पुण्याहून ई-मेलनेच पाठवली. नव्या सेवेतून आलेले शेतकी खात्याचे पहिले पत्र ते हेच. मी नोंद क्रमांक कळवला आणि तरीही दुसऱ्या दिवशी हिंगणीला जाऊन काकाजींच्या हाती त्या क्रमांकाची चिठ्ठी दिली. त्यांनी ती उघडून पाहिली, दोनदा वाचली आणि टोपीत खोचून ठेवली.

तरी सर्व सभासदांनी वरील बाबींची नोंद घ्यावी, ही विनंती. काही शंका असल्यास गट कार्यालयात किंवा कारखान्यावर शेतकी विभागात अवश्य यावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी